शांता, शेवंता आणि टक्क्याची खूण

नोकरीत मी काय केलं असं कुणी विचारलं तर मी सांगते, नावं हुडकली. ऐकणाऱ्याला वाटतं मी पोलिसात होते, नाहीतर मतदारयाद्यांच्या कामावर. तसं काही नाही. बेळगावात कॅम्पाच्या अलीकडे एक धर्मादाय दवाखाना होता, त्याच्या रेकॉर्ड विभागात माझी सगळी नोकरी गेली. जुना पेशंट आला की त्याचे जुने कागद शोधून डॉक्टरांपुढे ठेवायचे, एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं. पण इतकी वर्षं ते करूनही, एखादं नाव 'सापडलं' म्हणजे नेमकं काय झालं, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. त्यातलाच एक गोंधळ इथे लिहिते. तो माझ्या मनातून कधीच पुरता सुटला नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. कुणा देणगीदाराच्या पैशातून दवाखान्यात कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी वेगळी खोली, खोलीला एसी, आणि आत जाताना चपला बाहेर काढायच्या. पेशंट लोक दाराच्या काचेतून आत डोकावायचे आणि काही जण चक्क हात जोडायचे. मी निपाणीची. आईनं विड्या वळून मला बी.एस्सी. केलं होतं आणि विषय गणित होता, म्हणून त्या खोलीत माझी नेमणूक झाली. गणिताचा आणि त्या कामाचा काय संबंध, हे नेमणाऱ्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही.

पहिलं काम होतं जुनी कार्डं मशीनमध्ये भरायचं. लाकडी खणांमध्ये वर्षानुवर्षांची कार्डं होती. काही मराठीत, काही कन्नडमध्ये, काही इंग्रजीत. मशीनला फक्त इंग्रजी येत होतं, तेही आमच्याकडे सगळं मोठ्या लिपीत. मग ज्यानं जसं वाचलं तसं त्यानं टाइप केलं. माझ्या शेजारी ईरण्णा बसायचा. तो गोकाककडचा, घरची भाषा कन्नड, पण मराठी झकास बोलायचा. मी 'चौगुले' टाइप करायची ते CHOUGULE, आणि तोच माणूस ईरण्णाच्या हातून CHOUGALA होऊन आत जायचा. माझी 'लक्ष्मी' एका स्पेलिंगची, त्याची दुसऱ्या. आमच्यात कधी वाद झाला नाही, कारण दोघांचंही बरोबर होतं. माझंच आडनाव घ्या. शाळेच्या दाखल्यावर KAMBLE, कॉलेजच्या सर्टिफिकेटवर KAMBALE, आणि पहिल्या पगाराच्या पत्रकात KAMBALI. तिन्ही मीच.

शिकवायला बेंगळूरहून एक साहेब आले होते. ते म्हणाले, नाव पूर्ण माहीत नसेल तर मशीनला 'लाइक' म्हणून विचारायचं. मला 'लाइक' म्हणजे आवडणं एवढाच अर्थ माहीत. मशीनला काय आवडतं ते विचारायचं की काय, असं मला खरंच वाटलं. त्यांनी समजावलं, लाइक म्हणजे 'सारखं'. सारखं दिसणारं दे. आणि न दिसणाऱ्या जागी खुणा ठेवायच्या. टक्क्याची खूण ठेवली की तिथे कितीही अक्षरं असू देत, एकही नसलं तरी चालेल. आणि खालची रेघ ठेवली की तिथे कुठलं तरी एकच अक्षर, कमी नाही, जास्त नाही.

म्हणजे शेवंता घ्या. कुणी V नं लिहितं, कुणी W नं. मग SHE_ANTA असं विचारलं की दोन्ही शेवंता येतात. पण ईरण्णाच्या पद्धतीनं सुरुवातीचा H गेला आणि शेवटी T नंतर H आला, की ती रेघ काही कामाची नाही. तिथे टक्का टाकावा लागतो. S%NT% असं विचारायचं. मग शेवंता येतात, शेवंती येतात, शांता येतात, आणि त्यांच्या मागोमाग संतोष, संताजी आणि एखादा वसंतसुद्धा येईल की काय अशी भीती वाटते. वसंत येत नाही, कारण पहिलं अक्षर बांधून ठेवलेलं असतं. हे मला कळायला बराच काळ लागला.

त्याहून जास्त काळ एका दुसऱ्या गोष्टीनं खाल्ला. एकदा मी मशीनला विचारलं, GULE नं संपणारी सगळी आडनावं दे. सरळ होतं, आधी टक्का आणि मग अक्षरं. मशीन म्हणालं, एकही नाही. आणि त्याच पडद्यावर वरती, आधीच्या शोधात आलेला एक CHOUGULE मला दिसत होता. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मी ईरण्णाला बोलावून दाखवलं. त्यानं पडद्याला नाक लावून बघितलं आणि म्हणाला, "आहे. आणि नाही पण आहे." पुढे बेंगळूरच्या साहेबांना फोन लावला तेव्हा उलगडा झाला. आमच्याकडे आडनावाच्या रकान्याची लांबी ठरलेली होती. आडनाव छोटं असेल तर उरलेली जागा मशीन कोऱ्या जागांनी भरत असे. म्हणून ते नाव आमच्या दृष्टीनं GULE नं संपत असलं तरी मशीनच्या दृष्टीनं रिकाम्या जागेनं संपत होतं. शेवटी आणखी एक टक्का टाकला की झालं. पण डोळ्यांना न दिसणारी गोष्टही मोजली जाते, हे पचायला जड गेलं.

एकदा भाजलेल्या पेशंटचे डॉक्टर आले आणि म्हणाले, चाळीस टक्के भाजलेले जेवढे असतील तेवढे काढून दे. शेऱ्याच्या रकान्यात '40%' असं लिहिलेलं असायचं. मी तसं विचारलं. चाळीस वर्षांपूर्वी पाय मोडलेले, चाळीस मैलांवरून आलेले, ज्यांच्या ज्यांच्या शेऱ्यात चाळीस आकडा होता ते सगळे येऊन उभे राहिले. मला टक्का हवा होता टक्का म्हणून, आणि मशीन त्याला 'काहीही' समजत होतं. डॉक्टर म्हणाले, तुझं मशीन बिघडलंय. ते बिघडलेलं नव्हतं हे मला माहीत होतं, पण ते सिद्ध करता येईना.

अशा अनुभवांतून आम्ही एक गोष्ट शिकलो. मशीन 'नाही' म्हणालं तर विश्वास ठेवायचा नाही. पेशंट असतोच, आपण नीट विचारलेलं नसतं. आणि दहातल्या नऊ वेळा ते खरं ठरायचं.

त्या दिवशी सकाळची गर्दी ओसरत आली होती. भूल देणाऱ्या डॉक्टर हेरेकरबाई स्वतः आमच्या खोलीत आल्या. त्या कधी येत नसत, चिठ्ठी पाठवत. त्यांच्या मागे एक माणूस होता, डोक्याला पटका, धोतराला तंबाखूचा वास. त्याचं नाव तवनाप्पा चौगुले. निपाणीला तंबाखूच्या वखारीत तो आणि त्याची बायको दोघंही कामाला. बायकोचं आतडं पिळलं होतं. पोट फुगून टणक झालं होतं आणि ऑपरेशन लगेच करायला हवं होतं. बायकोचं नाव शेवंता. ती तापानं इतकी ग्लानीत होती की तिला विचारून काही कळत नव्हतं.

बाईंनी नेहमीप्रमाणे नवऱ्याला विचारलं होतं, आधी कधी भूल दिली होती का, त्रास झाला होता का. त्यावर तो जे बोलला त्यामुळे त्या थांबल्या होत्या. त्यांनी त्याला माझ्यासमोर पुन्हा सांगायला लावलं.

"लगनाच्या आधीचं हाय बाई," तो म्हणाला. "ह्याच दवाखान्यात भूल दिलती म्हणं आणि उठेनाच झालती. मी काय बघितलं न्हाई. सासरवाडीत एकदा कानावर आलतं. पुन्हा इचारलं तर कोण काय बोलंना."

बाईंनी मला थोडक्यात समजावलं. भूल देताना घशात नळी घालण्यासाठी अंग एकदम सैल पडावं म्हणून एक औषध देतात, स्कोलीन. त्याचा असर मिनिटांत उतरतो. पण एखाद्याच्या रक्तात ते औषध मोडणारं द्रव्यच कमी असतं. मग तो माणूस तासन्‌तास तसाच पडून राहतो. हात हलत नाही, डोळा उघडत नाही, श्वाससुद्धा घेता येत नाही. कुणीतरी बसून रबरी पिशवी दाबत त्याला श्वास द्यावा लागतो. तो थांबला की माणूस गेला. शेवंताच्या बाबतीत हेच झालं असेल तर ते औषध तिला देता येणार नाही. आणि पोट भरलेल्या पेशंटला ते औषध न देता नळी घालायची म्हणजे जागेपणी घालावी लागते, ते फार हाल करणारं. उगीच करायचं नाही. म्हणून जुनी नोंद हवी.

"किती वेळ आहे?" मी विचारलं.

"फार नाही. तू शोधायला बस, मी इथेच उभी राहते," बाई म्हणाल्या.

लग्नाच्या आधीचं, म्हणजे माहेरचं आडनाव हवं. तवनाप्पा म्हणाला, मगदूम. गाव आकोळ. मी शेवंता मगदूम असं सरळ विचारलं. नाही. V चा W केला. नाही. आडनावात टक्के टाकले, कारण मगदूम लिहिण्याचे आमच्याकडे चार तरी प्रकार होते. मगदूम खूप आले, पण त्यांत शेवंता एकही नाही. मी आडनाव आधी आणि नाव नंतर असं उलटं करून बघितलं, कारण काही कार्डं तशी भरली गेली होती. नाही.

मग मी तवनाप्पाला सासऱ्याचं नाव विचारलं. तो गोंधळला. आम्ही मामा म्हणायचो, म्हणाला. बाकीची आप्पा म्हणायची. बरंच आठवून त्यानं भूपाल असं सांगितलं, पण तेही असं की भूपाल सासऱ्याचं नाव की चुलत सासऱ्याचं, याची त्याला खात्री वाटेना. लग्नाआधी किती वर्षं, तेही ठाऊक नाही. तो बिचारा प्रत्येक उत्तराबरोबर जास्तच घामेजत होता, आणि त्याला वाटत होतं की त्याच्या न आठवण्यामुळेच बायकोचं ऑपरेशन अडलंय. ते काही अंशी खरंही होतं.

आता एकच उपाय होता, जाळं मोठं करायचं. नावाला S%NT%, आडनावाला M%G%D%M%, गाव सोडून दिलं. पडद्यावर काही ओळी आल्या. एक संतोष, एक संतराम, आणि मग एक ओळ: SANTHA BHUPAL MAGADUM, म्हणजे शांता. गाव AKKOL. शेऱ्याच्या रकान्यात ईरण्णाच्या पद्धतीनं तोडून तोडून टाइप केलेलं, ऑपरेशनमध्ये स्कोलीननंतर बराच काळ श्वास नाही.

बाईंनी माझ्या खांद्यावरून वाकून ते वाचलं आणि सरळ झाल्या.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. ती शांता होती, शेवंता नव्हती. वय लावून बघितलं तर चार-पाच वर्षांचा फरक पडत होता. आमच्या कार्डांवर वयं अंदाजानंच लिहिलेली असायची हे खरं. टाइप करताना शेवंताची शांता होऊ शकते हेही खरं. ईरण्णाला विचारलं तर तो म्हणाला, कार्ड कन्नडमधलं असेल तर मी चुकणार नाही, मराठीतलं असेल तर सांगता येत नाही. मूळ कार्डं तोवर पोत्यांत भरून माळ्यावर गेली होती. तवनाप्पाला विचारलं, घरी तिला शांता म्हणतात का.

"शेवू म्हणत्यात," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, मला हवं असलेलं उत्तर द्यावं म्हणून की काय, हळूच म्हणाला, "शांताबी म्हणत असतील. मी कुठं सारखं तिकडं असतोय?"

मी बाईंना म्हटलं, "बाई, ही तीच आहे असं मी सांगू शकत नाही. मी टक्के इतके टाकलेत की यातून कुणीही आलं असतं."

त्या म्हणाल्या, "ती नाही असं सांगू शकतेस?"

तेही सांगता येत नव्हतं.

"मग मी ते औषध देणार नाही," असं म्हणून त्या निघून गेल्या.

ऑपरेशन झालं. शेवंता वाचली. पण घसा बधिर करून, ती अर्धवट शुद्धीत असताना नळी घालावी लागली. दोन नर्सना तिचे हात धरावे लागले. तिथल्या एका नर्सनं दुपारी डबा खाताना मला ते सांगितलं. कशी धडपडत होती, कशी डोळ्यांतून पाणी येत होतं. मी डबा तसाच झाकून ठेवला. मला सारखं वाटत होतं, हे त्या एका ओळीमुळे झालं, आणि ती ओळ तिची होती की नाही हेच आपल्याला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी ते कळलं. वॉर्डात शेवंताच्या उशाशी एक बाई बसली होती, तिच्यासारखीच उंच, तिच्याहून थोडी मोठी, कपाळावर कुंकू, डोक्यावरून पदर. मी सहज चौकशी करायला गेले होते. शेवंता झोपली होती. मी त्या बाईला विचारलं, तुम्ही कोण. ती म्हणाली, "भण हाय मी तिची. थोरली. शांता."

मी विचारलं, तुमचं कधी इथे ऑपरेशन झालं होतं का. तिचा चेहरा एकदम बंद झाला. तिनं आधी आजूबाजूला बघितलं, तवनाप्पा कुठे आहे ते बघितलं, आणि मग मान हलवली.

म्हणजे मशीन पहिल्यापासून खरं बोलत होतं. शेवंता मगदूम नावाची कुणी बाई त्या दवाखान्यात कधी आलीच नव्हती. ते 'नाही' म्हणालं होतं आणि ते नाहीच होतं. मीच विश्वास ठेवला नव्हता, आणि टक्के वाढवत वाढवत दुसरीच बाई बाहेर काढली होती. मी तशीच बाईंच्या खोलीत गेले आणि त्यांना सांगितलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. निदान मशीनला तरी.

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "सख्खी बहीण?"

मी हो म्हटलं.

"त्या दोघींना बसवून ठेव. मी येते."

तिथे मला नवीन गोष्ट कळली. रक्तातलं ते द्रव्य कमी असणं घराण्यातून येतं. बहिणीला असेल तर बहिणीलाही असू शकतं. असेलच असं नाही. बाईंनी दोघींचं रक्त काढून बाहेरगावी तपासायला पाठवलं, आमच्याकडे ती तपासणी नव्हती. उत्तर यायला बरेच आठवडे लागले. तोवर शेवंता बरी होऊन घरी गेली होती. उत्तर आलं तेव्हा बाई पुन्हा स्वतः आमच्या खोलीत आल्या. शेवंताच्या रक्तातही ते द्रव्य नव्हतंच म्हणावं इतकं कमी होतं. त्या दिवशी स्कोलीन दिलं असतं, तर ती टेबलावर तशीच पडून राहिली असती.

ईरण्णा म्हणाला, "बरोबर शोधलंस तू." मी म्हटलं, चूक शोधलं होतं. तो म्हणाला, "हौद्री, होय, तेही." त्यावर आमचं कधीच एकमत झालं नाही. माझं स्वतःशीही झालं नाही.

बाईंनी दोघी बहिणींना निरोप धाडून बोलावलं. निपाणीच्या बसनं त्या आल्या, बरोबर तवनाप्पा होता. मला बाईंनी मुद्दाम बसवून घेतलं, कारण दोघींची नोंद नीट व्हायला हवी होती. बाईंनी समजावून सांगितलं, रक्तात काय कमी आहे, पुढे कुठल्याही दवाखान्यात गेलात तर हे आधी सांगायचं, मुलांचंही तपासून घ्यायचं. शेवंता ऐकत होती. तवनाप्पा मान हलवत होता. शांता मात्र जमिनीकडे बघत बसली होती.

तिची हकीकत त्या दिवशी तुकड्यातुकड्यांनी बाहेर आली. ती लग्नाच्या वयाची असताना पोटात दुखायला लागून तिला इथे आणलं होतं. ऑपरेशननंतर ती उठेना. बाहेर बसलेल्या घरच्यांना कुणीतरी सांगितलं, मुलगी गेली. गावाला निरोप गेला, चुलत्यानं मयताचं सामान आणायला माणूस धाडला, आणि मग कळलं की मुलीनं डोळे उघडलेत. ती घरी आली तेव्हा गावात तिच्यासाठी रडून झालेलं होतं. लोक तिला 'परत आलेली' म्हणायला लागले. कुणी तिच्या हातचं पाणी घ्यायला कचरायचं. सोयरीक जमेना. शेवटी एका बिजवराला दिली. धाकटीच्या लग्नात तोच घोळ नको म्हणून बापानं घरात सगळ्यांची तोंडं बंद केली. तरी एक शब्द कुणाच्या तरी तोंडून निसटला, आणि कुठली मुलगी हे न कळता तवनाप्पाच्या कानात जाऊन बसला.

बाईंचं समजावून सांगणं संपलं तेव्हा शांतानं पहिल्यांदा वर बघितलं.

"म्हंजे तवा मी मेली न्हवती?"

बाई म्हणाल्या, "नाही. अजिबात नाही. तू जिवंत होतीस, फक्त हलता येत नव्हतं."

शेवंतानं बहिणीच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग शांता म्हणाली, "मला ऐकू येत हुतं."

"सगळं ऐकू येत हुतं," ती म्हणाली. "भांडी वाजायची. पायांचा आवाज. मी वरडत हुते पर तोंडातनं आवाज न्हाई. मला वाटलं मेल्यावर असंच असतंय. मेलेल्याला ऐकू येतंय असं कुणाला सांगायचं, म्हणून सांगितलं न्हाई. घरात मैत झालं की मला वाटायचं, त्याला ऐकू येत असंल."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आणि एक माणूस हुता," शांता पुढे म्हणाली. "सारखा माझ्या कानाजवळ बोलायचा. घाबरू नकोस पोरी, मी हाय. कधी मराठीत, कधी कन्नडात. मधेच थकून उसासे टाकायचा, पुन्हा बोलायचा. मी म्हटलं, न्यायला आलेला हा असा कसा बोलतोय?"

"तो पिशवी दाबत होता," बाई म्हणाल्या. "तुला श्वास देत होता."

शांता माझ्याकडे वळली. मी नावं हुडकते हे शेवंतानं तिला सांगितलं असावं. "त्याचं नाव घावंल का?" तिनं विचारलं.

मी कॉम्प्युटरच्या खोलीत जाऊन बघितलं. तिची ओळ काढली. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचं नाव होतं. भूल देणाऱ्याचंही होतं, ते डॉक्टर तोवर वारले होते, आणि हेरेकरबाई त्यांना ओळखत होत्या. त्या म्हणाल्या, त्यांना कन्नड यायचं नाही. म्हणजे ते नव्हेत. पिशवी कुणी धरली होती, वॉर्डबॉयनं, कंपाउंडरनं की नर्सच्या हाताखालच्या कुणी, त्यासाठी आमच्याकडे रकानाच नव्हता. माळ्यावरची पोतीही ईरण्णानं आणि मी नंतर उपसली. तिच्या कार्डावर तेवढंच होतं जेवढं मशीनमध्ये होतं. जुन्या लोकांना विचारलं, कुणाला काही आठवेना.

त्या दिवशी मी परत येऊन शांताला सांगितलं की नाव मिळत नाही. तिला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. ती उठून उभी राहिली, पदर सारखा केला आणि बाईंना विचारलं, "पर हुता न्हवं तो? खराच माणूस हुता?"

"होता," बाई म्हणाल्या. "त्यानं हात थांबवला असता तर तू आज इथे उभी नसतीस."

"मग असूं दे," शांता म्हणाली. बहिणीची पिशवी उचलून ती दारापर्यंत गेली. तिथे थांबून तिनं मोकळ्या हाताची मूठ एकदा घट्ट मिटली, पुन्हा उघडली, परत मिटली, जणू तो माणूस ते कसं करत असेल ते बघत होती. मग तवनाप्पानं बसची वेळ झाल्याचं सांगितलं आणि तिघं निघाली.